तीन हंगामांचा क्लब करार की कंपनीची नोकरी?

कंपनी आवडली नाही तर महिन्याची नोटीस द्यायची, हिशेब घ्यायचा आणि बाहेर पडायचं. व्यावसायिक फुटबॉलपटूला ही सोय नाही. तीन हंगामांवर सही केली की तीन हंगाम तो त्या क्लबचा. मधेच दुसरीकडे जायचं तर क्लबने सोडलं पाहिजे आणि त्यासाठी बहुधा नव्या क्लबने जुन्याला पैसे मोजले पाहिजेत. आपल्या किनाऱ्यावर उचल घेतलेला खलाशी हंगाम संपेपर्यंत दुसऱ्याच्या बोटीवर चढत नाही, त्यातलाच हा प्रकार. पण खेळाडूचा कागद मालकालाही तितकाच बांधतो. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून गोव्यात किंवा रत्नागिरीहून मुंबईत खेळायला निघालेल्या मुलाच्या घरी कागदाची ही दुसरी बाजू सहसा कोणी वाचत नाही.

ती बाजू अशी. जागतिक फुटबॉल संघटना फिफाच्या नियमांनुसार करार किमान चालू हंगाम संपेपर्यंतचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. १८ वर्षांखालच्या खेळाडूचा तीन वर्षांपेक्षा मोठा चालत नाही. सबळ कारण नसेल तर हंगाम चालू असताना तो एकतर्फी मोडता येत नाही आणि ‘मुलाचा फॉर्म गेला’ हे क्लबला कारण म्हणून सांगता येत नाही. दोन वर्षं बाकी असताना काढलं तर त्या दोन वर्षांच्या पगारावर खेळाडूचा हक्क उरतो. दुसऱ्या क्लबात त्याने कमावलेले पैसे तेवढे वजा होतात. कारखान्यात सहा महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये नारळ मिळाला तर हातात चालू महिन्याचा पगार. वर्षभर सलग काम झालेल्या कामगाराला कपातीत काढलं तर महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार, असा हिशेब. या एका मुद्द्यावर फुटबॉलचा करार साध्या नोकरीपेक्षा न्याय्य आहे, असं आमचं ठाम मत आहे.

बाहेर पडण्याच्या बाबतीत मात्र पारडं पूर्ण फिरतं. २८ वर्षं पूर्ण होण्याआधी सही केली असेल तर पहिली तीन वर्षं ‘संरक्षित’ धरतात. त्या काळात सबळ कारणाशिवाय करार मोडला तर भरपाई द्यावी लागते आणि वर चार महिने खेळायला बंदी. प्रकरण गंभीर असेल तर सहा. नोकरीतही बाँड असतात: मुदतीआधी सोडलं तर ठरलेली रक्कम भरायची. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. पण बाँडचे पैसे भरले की माणूस दुसऱ्या दिवशी दुसरीकडे कामाला लागू शकतो. पस्तिशीच्या आत संपणाऱ्या कारकिर्दीत चार महिने घरी बसणं ही शिक्षा फार जड आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने फ्रेंच खेळाडू लसाना दियाराच्या खटल्यात यातले काही नियम कायद्याविरुद्ध ठरवले आणि फिफाला भरपाईचे निकष बदलावे लागले. करार संपल्यावरही नव्या क्लबकडे फी मागण्याची युरोपातली पद्धत बेल्जियन खेळाडू बोसमनच्या १९९५ च्या निकालाने मोडली होती. आज शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो.

सही करताना बहुतेक घरं फसतात ती एका ओळीवर: ‘करार आणखी एक वर्ष वाढवण्याचा अधिकार क्लबकडे राहील.’ म्हणजे मुलगा चमकला तर जुन्याच पगारात अडकला, नाही चमकला तर क्लब मोकळा. ही ओळ काढायला लावा. क्लब हटूनच बसला तर वाढीव वर्षाचा पगार आकड्यात लिहून घ्या आणि क्लबने कोणत्या तारखेपर्यंत लेखी कळवायचं, तेही.

आता पैसे. समजा क्लब महिना ४०,००० देतो, पण हंगामाचे नऊ महिनेच: वर्षाला ३,६०,०००. लोट्याच्या एमआयडीसीत २०,००० पगार बारा महिने: २,४०,०००. त्यात मूळ पगार १५,००० धरला तर मालकाचा १२ टक्के पीएफ वर्षाला २१,६००. फरक उरला ९८,४०० चा. क्लबने दोन महिने थकवले की तो १८,४०० वर येतो, आणि खोलीभाडं मुलानेच भरायचं असेल तर तेवढाही राहत नाही. म्हणून करार नऊ महिन्यांचा की बारा, हा प्रश्न रकमेच्या आधी विचारा. पैसे ‘प्रोफेशनल फी’ म्हणून मिळणार असतील तर १० टक्के टीडीएस कापला जातो (रिटर्न भरून तो परत मागता येतो), पण पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) सहसा नसतात.

थकबाकीची भीती काल्पनिक नाही. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम लांबणीवर पडला आणि ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीसारख्या क्लबनेही पगार थांबवले. नियम खेळाडूच्या बाजूचा आहे: दोन महिन्यांचा पगार थकला की लेखी नोटीस द्यायची, किमान १५ दिवसांची मुदत द्यायची, तरी पैसे आले नाहीत तर करार मोडता येतो. गडबड होते ती इथेच. मुलगा मॅनेजरला फोन करत राहतो, फोनचा पुरावा राहत नाही. मग रागाने बॅग भरून घरी येतो आणि गैरहजेरीचा ठपका त्याच्यावरच बसतो. मुदत संपेपर्यंत सरावाला जात राहायचं आणि नोटीस क्लबच्या अधिकृत ईमेलवरच पाठवायची. भारतीय खेळाडू आणि भारतीय क्लब यांचा वाद भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्लेअर स्टेटस कमिटीकडे जातो.

दुखापतीत नोकरी सरळ पुढे आहे. २१,००० पर्यंत पगार असलेल्या ईएसआय कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत ९० टक्के. गुडघ्याचा लिगामेंट तुटला की मैदानावर परतायला नऊ महिने सहज जातात. त्या काळात पगार चालू राहील का, शस्त्रक्रियेचा आणि फिजिओचा खर्च कोण करील, हे करारात शब्दांत नसेल तर क्लबच्या मर्जीवर राहावं लागतं. मुलींसाठीही हेच: फिफाचा किमान नियम १४ आठवडे प्रसूती रजा आणि दोन तृतीयांश पगार, भारतीय कायद्याने नोकरीत २६ आठवडे पूर्ण पगार.

रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी हा मधला रस्ता आहे. पगार कायम, खेळ चालू. पण बाहेरच्या क्लबातून खेळायला खात्याचं ना-हरकत पत्र लागतं. घरी एकच कमावता असेल आणि कोट्यात निवड होत असेल, तर आम्ही क्लबाआधी रेल्वेच सुचवू. वय १९-२०, घर निभतंय आणि करार बारा महिन्यांच्या पगाराचा, दुखापतीच्या कलमासह असेल, तर क्लब घ्यावा. नऊ महिन्यांचा पगार आणि एकतर्फी मुदतवाढ असा कागद असेल तर लोट्याची नोकरी बरी.

प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या हव्यात आणि एक प्रत त्याच दिवशी घरी यायला हवी. महासंघाच्या नोंदणी प्रणालीत चढलेला करार हाच आहे का, आकड्यासकट, तेही ताडून पाहा. वाद झाला तर समितीपुढे हीच प्रत ठेवावी लागते.