आठ महिने, एक ड्रिल मशीन आणि आमचा माळा

मार्चअखेर रजा लॅप्स होणार होत्या, म्हणून पाडव्याला जोडून अकरा दिवस टाकल्या. कुठे जायचं नव्हतं. डोंबिवलीचं घर आवरायचं आणि भिंतींवर फळ्या मारायच्या, असं ठरवून 600 वॅटचं, 13 मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारा जबडा) इम्पॅक्ट ड्रिल मागवलं. बिट, गिट्ट्या (स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात घालायचे प्लग), स्क्रू धरून अडीच हजारांच्या आसपास गेले. मध्ये अख्खा पावसाळा गेला, आता डिसेंबर आहे, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

आधी माझा गाढवपणा. मशीन यायच्या आत मी 18 मिमी प्लायच्या चार-चार फुटी पाच फळ्या कापून आणल्या. सामान मावत नाही, म्हणजे जागा कमी, हा साधा हिशोब. मग माळा उघडला. टीव्हीचे रिकामे खोके (टीव्ही केव्हाच गेलेला), चाकं तुटलेल्या दोन बॅगा, व्हीसीआर, गाठोडी, लग्नातल्या आहेराची न उघडलेली लेमन सेट. मी एकेक खाली देतोय आणि आई एकेक बाजूला ठेवतेय, "राहू दे रे, लागतं कधीतरी." शेवटी तह झाला: तिने दहा वस्तू ठेवायच्या, बाकीचं मी बघणार. पाटा-वरवंटा आणि घंगाळ अर्थातच राहिले. दहावं निघालं मिक्सरचं बिनझाकणाचं भांडं. झाकण तिसऱ्या दिवशी ट्रॉलीमागे सापडलं, पण तोवर मिक्सर भंगारात गेला होता.

पितळ मोडीत घातलं. रद्दीवाल्याला चार खेपा लागल्या. दोन गाठोडी कपड्यांवर बोहारणीने एक पातेलं दिलं, तेही आईने अर्धा तास घासाघीस केल्यावर. आणि माळा रिकामा झाल्यावर लक्षात आलं की फळ्या दोनच पुरेत.

आता मशीन. विटांच्या भिंतीत उत्तम चालतं. 8 मिमी बिट, खोलीची खूण म्हणून बिटला चिकटपट्टी, भोकाखाली उघडं पाकीट चिकटवलेलं म्हणजे लाल भुगा जमिनीवर येत नाही. पहिलं भोक मात्र दहा मिनिटं पडेना. हात भरून आले, बिटचं टोक निळसर झालं, मी कंपनीला शिव्या घातल्या. बायकोने येऊन नुसतं पाहिलं आणि विचारलं, "हे उलटं फिरतंय ना?" बोटाने रिव्हर्सचं बटण सरकलं होतं. ते बिट वाया गेलं. बटण ट्रिगरच्या इतकं जवळ आहे की पुढेही दोनदा असंच झालं. हा मशीनचा दोष धरतो मी.

खिडकीवर पडद्याचा रॉड लावताना खरी मर्यादा कळली. वर लिंटेल, म्हणजे काँक्रीट. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके देतात, त्यामुळे जोर आपल्या खांद्याचाच लागतो. अर्धा इंच गेल्यावर ते नुसतं किंचाळत राहिलं. त्याला रोटरी हॅमर लागतो, त्यात आत पिस्टन असतो आणि ठोका मशीन स्वतः देतं. मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने चार भोकं चहा निवायच्या आत पाडली. तेव्हा ज्यांना फक्त पडदेच लावायचेत त्यांनी हे मशीन घेऊ नये. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये, हेही त्यानेच सांगितलं. वायर बहुतेक तिथूनच जाते. माझी एक फळी नेमकी तिथे येणार होती.

जुलैत चकवर गंज धरला. शिवणयंत्राचं तेल लावून कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवतो, त्यानंतर त्रास नाही. ऑगस्टमध्ये स्वयंपाकघरातली फळी मध्यभागी झोपली. त्यात मशीनचा काही दोष नाही, चार फुटांना दोनच ब्रॅकेट लावले होते आणि वर पीठ-तांदळाचे डबे. मधे तिसरा ब्रॅकेट मारला. एक गिट्टी सैल होऊन प्लास्टरसकट बाहेर आली, तिथे 10 मिमीची घातली.

आवाज भयानक आहे. सोसायटीत दुपारी दोन ते चार बंदी, तरी खालचे काका पहिल्या दिवशी वर आले. दुसऱ्या दिवशी परत आले ते देवघराची फळी मारून देशील का विचारायला. तेव्हापासून मशीन आमच्याकडे कमी आणि बिल्डिंगमध्ये जास्त असतं. मी स्वतः एप्रिलनंतर फार तर सहा वेळा वापरलं असेल.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण रिव्हर्सच्या बटणाचा, एक काँक्रीटचा.

आणि माळ्यावर सध्या काय आहे, तर उरलेल्या तीन फळ्या. काढून टाकू म्हटलं, तर आई म्हणाली, लागतं कधीतरी.