ओके-एचटीटीपीचं वेबसॉकेट: कणकुंबीच्या रेंजमध्येही भरवशाचं

बेळगावच्या टिळकवाडीत बसून मी भाजी मार्केटच्या भावांचं अँड्रॉइड अ‍ॅप बनवतो. लिलावात भाव बदलला की खानापूर-निपाणीच्या शेतकऱ्याला मोबाईलवर तो लगेच दिसायला हवा. त्यासाठी ओके-एचटीटीपी ही नेटवर्कची लायब्ररी घेतली. तिच्यातलं वेबसॉकेट, म्हणजे सर्व्हरशी सतत उघडी राहणारी दुतर्फा जोडणी, मनापासून आवडलं.

सगळ्यात मोलाची सोय पिंगची, म्हणजे जोडणी जिवंत आहे का हे सर्व्हरला ठराविक वेळाने विचारण्याची. मुळात ती बंद असते. पिंगइंटरव्हल, म्हणजे दोन पिंगमधला वेळ, आपणच लावायचं. मग सर्व्हरचा पाँग, म्हणजे पिंगचं उत्तर, वेळेत आला नाही की ऑनफेल्युअर ही जोडणी तुटल्याची सूचना मिळते. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडे रेंज गेली की जोडणी वरून चालू दिसते, आतून तुटलेली असते. जुना भाव बघून कुणी माल दिला तर नुकसान त्या शेतकऱ्याचं! म्हणून ऑनफेल्युअर आलं की मी पडद्यावर लाल अक्षरांत 'भाव जुना' दाखवतो.

पुन्हा जोडायचं काम मात्र आपलंच. एक, दोन, चार सेकंद असं थांबणं वाढवत न्या आणि प्रत्येक फोनला थोडा वेगळा वेळ द्या, नाहीतर टॉवर परत आल्यावर सगळे एकदम सर्व्हरवर तुटून पडतात. न गेलेल्या निरोपांची रांग १६ एमबीच्या वर गेली तर जोडणी बंद होते, तेव्हा निरोप पाठवणाऱ्या सेंड या फंक्शनचं उत्तर तपासा.

मजकूर यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या संकेतपद्धतीतच जातो, त्यामुळे मराठी-कन्नड दोन्ही नावं नीट उमटतात.

आयफोनसाठी अ‍ॅपलची वेबसॉकेटची सोय, यूआरएलसेशनवेबसॉकेटटास्क, बघा. आयओएस १३ पासून आहे.