पाटे वर गेले, रॉड जुनाच

वरूड-मोर्शीकडच्या पांदणीतून पावसाळ्यात ज्याने गाडी काढली आहे, त्याला जिप्सी उंच करायचा मोह का होतो हे सांगावं लागत नाही. काळी माती भिजली की बंडीच्या चाकोऱ्या एवढ्या खोल होतात की एक्सल जमिनीला टेकतो. हा मोह ओळखून गाड्या उचलून देणारे गॅरेजवाले आता तालुक्याच्या गावातही झाले आहेत. त्यातल्या एकाने मला कसं फसवलं ते सविस्तर सांगतो. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

जिप्सीचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) कंपनीतून एक्सलच्या खाली येतात. ते एक्सलच्या वर घेतले की गाडी साधारण पाच इंच उचलली जाते. काम स्वस्तात होतं आणि गाडी रुबाबदार दिसते. पण आधी जिथे मोकळी जागा होती तिथे आता पाटा येतो, आणि स्टिअरिंगची ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणारा रॉड, नेमकी तिथूनच जाते. यावर धड उपाय म्हणजे रॉड नकलच्या (एक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) वरच्या बाजूने, पाट्याच्या वरून न्यायचे. टाय रॉड एंडची, म्हणजे रॉडच्या टोकाच्या सांध्याची, पिन निमुळती असते, म्हणून नकलचं भोकही रिमर (भोक कोरायचं हत्यार) मारून तसंच निमुळतं करावं लागतं. हे चांगल्या लेथवाल्याचं काम, आणि पैसा तिथेच लागतो.

मिस्त्रीने नेमकं हेच कबूल केलं होतं. “भाऊ, वरतून नवाकोरा सेट टाकून देतो, पाट्याले कुठीच लागनार नाई.” ३८,००० ठरले, निम्म्याहून जास्त आधीच घेतले. पावती म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहिलेला आकडा. जुना रॉड मागितला तर म्हणे भंगारात गेला.

गाडी ताब्यात देताना त्याने माझ्यासमोर स्टिअरिंग डावी-उजवीकडे पूर्ण फिरवून दाखवलं. कुठेच घासलं नाही. सगळी लबाडी या प्रात्यक्षिकातच होती. चाक किती वळावं हे ठरवणारा स्टॉपर बोल्ट नकलपाशी असतो. तो त्याने आटे उलटे फिरवून जास्त बाहेर आणून ठेवला होता, त्यामुळे चाक आधीच त्याला अडत होतं आणि चाक पाट्याजवळ रॉड नेण्याइतकं वळतच नव्हतं. गाडी गल्लीत एका दमात वळेना तेव्हा “उंच गाडी अशीच वयते” हे उत्तर तयार. शिवाय गॅरेजच्या फरशीवर पाटा दबत नाही. वावरात एक चाक धुऱ्यावर चढलं, पाटा दबला, चॅसिसकडचं टोक खाली आलं आणि रॉड पाट्यावर टेकला. स्टिअरिंग अडकलं ते तिथेच, गाडी सरळ तुरीत. हेच मोर्शीच्या हमरस्त्यावर झालं असतं तर?

माझ्या नेहमीच्या मिस्त्रीने रॉडवरचा काळा रंग खरवडला. खाली तीन पंचचे ठोके निघाले. ते त्यानेच पूर्वी अलाइनमेंटची खूण म्हणून मारले होते! म्हणजे ‘नवाकोरा सेट’ हा माझाच रॉड, भट्टीत लाल करून वाकवलेला, मध्ये वेल्डिंगचा टाका. सरळ रॉड ढकल आणि ओढ दोन्ही झेलतो. वाकवलेला रॉड जोर आला की आधी लवतो आणि चाक मागाहून वळतं. टाका कधी सुटेल याचा नेम नाही. नकलचं भोकही साध्या ड्रिलने सरळ पाडून पत्र्याच्या पट्टीने भरलं होतं. हे पाहून मला पैशांपेक्षा त्याच्या निर्ढावलेपणाचा जास्त राग आला.

असं काम कोणी करून दिलं तर पैसे देण्याआधी एक चाक ठोकळ्यावर चढवा, पाटा पुरता दबू द्या, मग स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. रॉड आणि पाट्याच्या मध्ये ओल्या काळ्या मातीचा गोळा चिकटवा; फिरवून झाल्यावर तो जेवढा जाड उरेल तेवढीच खरी जागा. स्टॉपर बोल्टचे आटे आधी किती दिसत होते याचा फोटो ठेवा. जुने पार्ट हातात घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. आणि रॉड कुठेच लागत नसला तरी तो फार तिरपा झाला असेल, तर खड्ड्यात चाक आपोआप वळतं, हे वेगळं दुखणं.

पैसे परत मागितल्यावर त्याने कायदा काढला. तक्रार केली तर गाडी तुमचीच अडकेल. यात तथ्य आहे: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत असे बदल करण्यावर बंधनं घालतं, आणि कलम १८२ए प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. याच भीतीवर त्याचा धंदा चालतो. तोंड उघडणारा गिऱ्हाईक त्याला भेटतच नाही. मी पाटे परत खाली घेतले, स्टिअरिंग मूळच्यासारखं करून घेतलं आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. १९१५ या हेल्पलाइनवरही माहिती मिळते. कार्ड, यूपीआयची नोंद आणि ठोक्यांचे फोटो जोडले आहेत. त्याचा माणूस अर्धे पैसे देतो म्हणून रॉड परत मागायला येऊन गेला. रॉड दिला नाही.