पैसे 'ताडोबा'चे, गेट मिळेल ते: तीन रात्री, चार सफारींचा हिशोब

ताडोबाचं सफारी पॅकेज विकणाऱ्या टूर ऑपरेटरला पाचपैकी दोन तारे. त्यातला एक कोअरमधल्या, म्हणजे जंगलाच्या गाभ्यातल्या, गाईडचा आहे, तो ऑपरेटरच्या खात्यात जमा धरू नये.

वाघ दिसला नाही, ही तक्रार नाही. चार सफारी कोरड्या जाणं ताडोबातही होतं, आणि ज्याला ते पचत नाही त्याने प्राणिसंग्रहालयाचं तिकीट काढावं. सफारीच्या धंद्यात परमिट वनविभागाचं, गाईड गेटचा, जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी गाडी, नंबराने लागणारी आणि वाघ स्वतःच्या मर्जीचा. ऑपरेटरच्या हातात उरतात चार-पाच साध्या गोष्टी: योग्य गेट, योग्य वार, नावं-ओळखपत्रं नीट भरणं, गेटजवळचं हॉटेल आणि जिप्सीत माणसं किती बसणार ते. माणशी 24,500 रुपये घेतले ते याच कामाचे, आणि नेमकं तेच बिघडलं.

पॅकेज असं होतं: नागपूर ते नागपूर, फेब्रुवारीतला शनिवार ते मंगळवार, तीन रात्री, चौघांचा गट. माहितीपत्रकात '4 ताडोबा जंगल सफारी, खासगी जिप्सी, सोबत निसर्गतज्ज्ञ, साइटिंगची 99 टक्के खात्री', म्हणजे वाघ दिसण्याची. मुखपृष्ठावर तळ्याच्या काठाने बछड्यांसह चालणारी माया वाघीण. माया 2023 च्या ऑगस्टनंतर कोणाला दिसलेली नाही. पुढे जंगलात सापडलेल्या अवशेषांची डीएनए चाचणी झाली आणि ते तिचेच निघाले. ज्या ऑपरेटरचं माहितीपत्रक इतकं जुनं, त्याची बाकीची माहितीही त्याच तारखेची असणार, हे तिथेच ओळखायला हवं.

आता 'ताडोबा सफारी' या शब्दाकडे वळू. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा कोअर भाग सुमारे 625 चौरस किलोमीटर आणि त्याभोवतीचा बफर सुमारे 1,100. कागदोपत्री दोन्ही ताडोबाच, त्यामुळे ऑपरेटर खोटं बोलला असं म्हणता येत नाही. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी, पांगडी ही कोअरची गेट. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा, निमढेला वगैरे बफरची. बफर वाईट अजिबात नाही. अलिझंझा-निमढेल्याच्या बाजूला किंवा जुनोन्यात अनेकदा कोअरपेक्षा चांगली साइटिंग मिळते. पण बफरचं परमिट स्वस्त असतं आणि कोअरचं महाग, त्यातही शनिवार-रविवारचं जास्त. म्हणजे पॅकेजात कोअर किती आणि बफर किती, हा हौसेचा प्रश्न नसून रोकड हिशोबाचा आहे. या पॅकेजात शनिवार दुपार आगरझरी बफर, रविवार सकाळ नवेगाव कोअर, सोमवार सकाळ देवाडा बफर आणि मंगळवार सकाळ काहीच नाही. चारात एक कोअर. व्हाउचरवर चारही ओळींत एकच मजकूर होता: 'ताडोबा सफारी'.

मंगळवारचं काय झालं, ते एका ओळीत सांगण्यासारखं आहे. मंगळवारी कोअर बंद असतो. ही गोष्ट चंद्रपूरच्या रिक्षावाल्यालाही ठाऊक असते, ती ताडोबाची पॅकेजं विकणाऱ्याला सोमवारी रात्री आठवली. बदल्यात 'चंद्रपूर सिटी टूर' दिली: महाकालीचं देऊळ आणि गोंड राजांच्या किल्ल्याचा परकोट. दोन्ही पाहण्यासारखं आहे, पण त्यासाठी जिप्सीचे पैसे मोजायचे नसतात.

सगळ्यात मोठा घोळ गेटचा. राहायची सोय मोहर्लीत आणि एकुलती एक कोअर सफारी नवेगाव गेटवरून. नकाशात दोन्ही गेट एकाच जंगलाची, म्हणून वाचणाऱ्याला काही खटकत नाही. पण मोहर्ली दक्षिणेला, चंद्रपूरच्या बाजूला, आणि नवेगाव उत्तरेला, चिमूरच्या बाजूला. मधून जाणारा रस्ता कोअरचा, तिथे सफारीच्या परमिटशिवाय गाडी घालता येत नाही. उरतो बाहेरचा वळसा: मोहर्लीहून भद्रावती, वरोरा, चिमूर आणि मग नवेगाव. शंभराच्या वर किलोमीटर, रात्रीचा रस्ता. फेब्रुवारीत सकाळचं गेट साडेसहाच्या सुमारास उघडतं आणि अर्धा तास आधी पोहोचायचं असतं, म्हणजे पहाटे तीनला निघायला हवं. ऑपरेटरच्या माणसाने 'चार वाजता आरामात निघू' सांगितलं. गाडी आली सव्वाचारला. गेटवर पोहोचेपर्यंत सात वाजून गेले होते.

हे का होतं, तेही समजून घ्यावं. शनिवार-रविवारची मोहर्ली गेटची परमिटं सगळ्यात आधी संपतात. ऑपरेटर मात्र मोहर्लीतल्या रिसॉर्टच्या खोल्या हंगामाच्या सुरुवातीलाच ठोक दराने उचलून ठेवतो. खोल्या रिकाम्या ठेवणं परवडत नाही, म्हणून आधी पॅकेज विकायचं आणि मग ज्या गेटवर जागा सापडेल ते परमिट काढायचं. खोली ठरलेली, गेट नंतर, आणि मधलं अंतर पर्यटकाने झोप मोडून भरून काढायचं. उलटा क्रम हवा: आधी परमिट, मग त्या गेटपासून अर्ध्या तासाच्या आतलं हॉटेल. कोलारा किंवा नवेगाव मिळालं तर चिमूरच्या बाजूला राहावं, आणि नागपूरहून येणाऱ्यांना तर उमरेड-भिसीमार्गे ती बाजू जवळही पडते.

उशिरा पोहोचलं म्हणून वेळ वाढवून मिळत नाही. बाहेर पडायची वेळ ठरलेली असते आणि ती चुकली तर जिप्सीवाल्यावर आणि गाईडवर कारवाई होते, त्यामुळे ते दोघं घड्याळ सोडत नाहीत. थंडीतल्या सकाळचा पहिला तास सर्वांत मोलाचा. रात्रभर रस्त्याने फिरलेलं जनावर तेव्हा अजून रस्त्याच्या आसपास असतं आणि धुळीतले ठसे गाड्यांनी मोडलेले नसतात. तोच तास वरोऱ्याच्या चहाच्या टपरीपाशी गेला.

त्यात गेटवर आणखी वीस मिनिटं. परमिटवर ज्यांची नावं आहेत त्यांनीच आत जायचं आणि बुकिंगला ज्या ओळखपत्राचा नंबर दिला तेच मूळ ओळखपत्र दाखवायचं. ऑपरेटरने चौघांपैकी एकाचंच आधार मागितलं होतं, बाकीच्यांची 'फक्त नावं पाठवा' म्हणाला. एका नावापुढे भलताच नंबर पडलेला. 'गेटवर बघून घेऊ' हे ऑपरेटरचं लाडकं वाक्य. गेटवर बघणारा तो नसतो, वनविभागाचा कर्मचारी असतो, आणि त्याने नियमाने रोखलं तर त्याची काही चूक नाही. शेवटी आत सोडलं ते त्याच्या भलेपणाने.

'खासगी जिप्सी'त आधीच दोघं बसलेले होते. जिप्सीत मागे उंचावलेल्या दोन ओळी, प्रत्येकी तीन माणसं, पुढे ड्रायव्हरशेजारी गाईड. परमिट अख्ख्या गाडीचं आणि जास्तीत जास्त सहा पर्यटकांचं असतं. चार माणसं गेली काय आणि सहा गेली काय, गाडीचा खर्च साधारण तेवढाच. म्हणून ऑपरेटर दोन गट एका परमिटवर चढवतो आणि दोघांकडूनही खासगीचे पैसे घेतो. ज्याने या गाडीत चार तास काढलेत त्यालाच सहावा माणूस म्हणजे काय ते कळतं. मागच्या ओळीतल्या मधल्या माणसाला कडेची दांडी धरता येत नाही, प्रत्येक खड्ड्याला तो जागचा उडतो, पुढच्या गाडीची सगळी धूळ त्याच्या तोंडात, आणि जनावर कुठल्याही बाजूला असलं तरी मध्ये कुणाचं तरी डोकं. मोठी लेन्स घेऊन येणाऱ्याने तर चारपेक्षा जास्त माणसांच्या गाडीत पैसे घालूच नयेत.

निसर्गतज्ज्ञ होता, पण रिसॉर्टच्या हिरवळीवर. जंगलात गेटचा गाईड सक्तीचा आणि तो पाळीने मिळतो, तो ऑपरेटरला निवडता येत नाही. ऑपरेटरचा स्वतःचा माणूस आत न्यायचा तर सहापैकी एक जागा त्याला द्यावी लागते. ती जागा विकलेली असल्याने तज्ज्ञाने संध्याकाळी पडद्यावर फोटो दाखवले. त्यात पुन्हा माया होतीच.

नवेगावचा गाईड मात्र असा निघाला की माहितीपत्रकातला तज्ज्ञ त्याच्याकडे शिकायला पाठवावा. पाहुण्यांचा उशीर त्याने एका शब्दाने काढला नाही. एका वळणावर जिप्सी थांबवून मऊ धुळीतला ठसा दाखवला. कडा अजून ढासळलेल्या नव्हत्या, वर पानाचा कचरा पडलेला नव्हता, पण आदल्या गाडीच्या चाकोरीवरून तो गेला होता, म्हणजे ती गाडी गेल्यानंतरचा. ठसा चौकोनी न वाटता लांबट होता, बोटं निमुळती, म्हणून मादी. मग सांबराचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावरचं ओरडणं, आला. वानर कशालाही बोंबलतं, सांबर सहसा उगाच ओरडत नाही, असं म्हणत त्याने इंजिन बंद करायला लावलं आणि बांबूच्या बेटाकडे बोट करून सगळ्यांना गप्प बसवलं. कॉल तीनदा झाला, प्रत्येक वेळी थोडा डावीकडे सरकत. वीस मिनिटांनी निघावं लागलं, कारण गेट गाठायचं होतं.

बफरमध्ये याच्या अगदी उलट. देवाडा गेटवर ऑपरेटरच्या माणसाने ड्रायव्हरला सगळ्यांसमोर सांगितलं, 'पाहुण्यांना दाखवून आण, तुझं बघून घेतो.' त्यानंतर चार तास गाडी थांबलीच नाही. एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर, मध्ये रानकुत्र्यांची टोळी आडवी गेली तरी ब्रेक नाही. 99 टक्क्यांची खात्री विकली की तिचा दाब असा शेवटच्या माणसावर येतो. 2024 च्या 31 डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावजवळ जिप्सींनी वाघीण आणि तिचे बछडे दोन्हीकडून घेरले. चित्रफीत पसरल्यावर ड्रायव्हर आणि गाईड निलंबित झाले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. 'खात्री' विकणारे अशा यादीत कधी नसतात.

बारीकसारीक गोष्टी पटापट. कपड्यांच्या यादीत 'हलके सुती कपडे' लिहिलं होतं. फेब्रुवारीच्या पहाटे उघड्या जिप्सीत कानटोपी, जाड जाकीट आणि शाल लागते. उन्हाळ्यात तेच कपडे बरोबर असते, यादी बहुधा मे महिन्याची. जंगलात मोबाइलला बंदी आहे हे व्हाउचरवर कुठेच नव्हतं, त्यामुळे ज्यांचा कॅमेरा म्हणजे मोबाइल त्यांचा विरस झाला. रिसॉर्टचं गरम पाणी सौर बंबाचं, म्हणजे पहाटे तीनला गारढोण. बांधून दिलेल्या नाश्त्यात जॅम लावलेले ब्रेडचे दोन तुकडे आणि एक केळं. खोल्या स्वच्छ होत्या, रात्रीचं जेवण बरं होतं, पिठलं-भाकरी तर खरोखर चांगली.

बिलावर 5 टक्के जीएसटी लावला होता आणि जीएसटी क्रमांक नव्हता. विचारल्यावर दोन दिवसांनी दुसरं बिल आलं, त्यावर कर नाही पण एकूण रक्कम तीच.

आगाऊ रक्कम देण्याआधी या ऑपरेटरकडून, किंवा कुणाकडूनही, परमिटची पीडीएफ मागावी. व्हाउचर नको, परमिटच. त्यावर गेटचं नाव, तारीख, सकाळ की दुपार आणि सगळ्यांची नावं असतात. परमिट अजून निघालेलं नसेल तर निदान गेटचं नाव लेखी घ्यावं, आणि ते न मिळाल्यास पूर्ण परतावा असं सोबत लिहून घ्यावं. चौघं-सहा जण असाल तर वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः बुकिंग करणं अवघड नाही, फक्त त्याच्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत, ती ओळखता आली पाहिजेत. फसगत झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, आणि तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गोड संभाषणापेक्षा परमिट आणि व्हाउचर शेजारी-शेजारी ठेवलेले जास्त कामाला येतात.

मंगळवारच्या सफारीबद्दल ऑपरेटरने आधी 'ते वनविभागाच्या हातात' म्हणून हात झटकले. बंद वार वर्षभर आधीपासून ठरलेला असतो हे दाखवल्यावर माणशी 3,000 रुपयांची क्रेडिट नोट आली. रोख नाही. मुदत 31 ऑगस्टपर्यंत, शनिवार-रविवार वगळून, आणि 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर पावसाळ्यासाठी बंद. नोटवर लिहिलंय 'एका ताडोबा सफारीसाठी ग्राह्य'. गेटची जागा याही वेळी कोरी आहे.