'पन्नास टक्केवाली चालते' : गाडीच्या काचांवर फिल्म मारताना नाशिककर कुठे फसतात

मार्च उजाडला की मुंबई नाक्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंत कुठल्याही कार ॲक्सेसरीजच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'साहेब, पन्नास टक्केवाली टाका, कायद्यात बसते.' गिऱ्हाईक इथेच अडकतं.

इंदिरानगरमधल्या एका कुटुंबाची नवी पांढरी गाडी घ्या. चार दारांच्या काचा, मागची मोठी काच आणि कोपऱ्यातल्या दोन छोट्या काचा. 'सिरॅमिक आहे, आरटीओ पास आहे, सात वर्षं वॉरंटी' असं सांगून दुकानदाराने १८,५०० रुपये घेतले. (सिरॅमिक म्हणजे रंगाऐवजी बारीक ऑक्साइडच्या कणांनी ऊन अडवणारी फिल्म.) अर्धे रोख, अर्धे ऑनलाइन. पावतीवर दोनच शब्द : 'कार ॲक्सेसरीज'. पुढे द्वारका चौकात चलन फाटलं. दुसऱ्या उन्हाळ्यात काचा जांभळ्या पडल्या. शेवटी फिल्म उतरवताना मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तापत्या तारांच्या, दोन रेघा फिल्मबरोबर निघून आल्या. दुकानाचं उत्तर : 'तो माल आता बंद झाला.' यातली जवळपास प्रत्येक गोष्ट पैसे देण्याआधी दुकानातच ओळखता आली असती.

आधी टक्क्यांचा घोळ. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० सांगतो की समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. ही अट गाडीवर बसलेल्या काचेची आहे, रोलवरच्या फिल्मची नाही. कंपनीतून येणारी हिरवट काच मुळातच थोडा प्रकाश अडवते. बहुतेक गाड्यांत तिच्यातून साधारण ७० ते ८० टक्केच प्रकाश जातो. काच ७५ टक्क्यांची धरा आणि तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म चढवा. हिशेब बेरजेचा किंवा वजाबाकीचा नाही, गुणाकाराचा आहे : ०.७५ गुणिले ०.५० म्हणजे ३७.५ टक्के. 'कायद्यात बसणारी' फिल्म लावलेली काच कायद्याच्या चांगलीच खाली गेली. तीच फिल्म ७० टक्क्यांची असेल तर ५२.५ येतात, म्हणजे बाजूच्या काचेला काठावर पास. समोरच्या काचेवर मात्र ९० टक्क्यांची, जवळजवळ पाण्यासारखी दिसणारी फिल्म लावली तरी ६७.५ वर येता. त्यामुळे समोरच्या काचेला 'क्लिअर फिल्म' विकणाऱ्याला एवढंच सांगा की लावल्यानंतर आरपार जाणारा प्रकाश मोजणारा मीटर धरून ७०च्या वर दाखव, मग पैसे देतो.

मीटर धरण्यातही चलाखी असते. दुकानदार सुट्टा तुकडा मीटरच्या फटीत सरकवतो, आकडा येतो ५१ किंवा ७१, आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. दाराची काच अर्धी खाली करून, मीटरचा एक भाग आत आणि एक बाहेर धरून, आधी कोरी काच मोजायला लावा. मग त्याच काचेवर तुकडा पाण्याने चिकटवून पुन्हा मोजा. हा दुसरा आकडा तेवढा तुमच्या कामाचा. दुकानात असा दोन भागांचा मीटरच नसेल तर टक्क्यांची सगळी चर्चा फुकट आहे.

कायद्याचा भाग थोडक्यात, पण नीट समजून घ्या, कारण दुकानदार यातलं सोयीचं तेवढंच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात काचांवर वरून काळी फिल्म चिकटवायलाच बंदी घातली, मग तिची टक्केवारी कितीही असो. ४ मे २०१२ पासून ती लागू झाली. पुढे नियम १०० बदलला. १ एप्रिल २०२१ पासून त्यात 'सेफ्टी ग्लेझिंग', म्हणजे आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काच, मान्य झाली. त्यासाठी आयएस २५५३ भाग २ (२०१९) या मानकाची अट आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की ७० आणि ५०च्या मर्यादेत बसणाऱ्या, या नियमाप्रमाणे लावलेल्या प्लास्टिकच्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही. या निकालाचं वर्तमानपत्रातलं कात्रण लॅमिनेट करून दुकानांत टांगलेलं असतं. निकाल खरा आहे. पण तो केरळचा, आणि चौकातल्या हवालदाराच्या डोक्यात २०१२ ची बंदी पक्की बसलेली असते. त्याच्याजवळ मीटर असेलच असं नाही, काच काळी दिसली की चलन होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा सापडलात तर १५०० रुपयांपर्यंत, शिवाय फिल्म उतरवायला लावतात ती वेगळी. वाद घालायचा हक्क तुम्हाला आहे, पण तो वेळ आणि ते हेलपाटे तुमचे. दुकानदार तिथे येत नाही.

'आरटीओ ॲप्रूव्ह्ड' या स्टिकरला काडीचा अर्थ नाही. पेठ रोडवरचं आरटीओ कार्यालय कुठल्या दुकानाला किंवा ब्रँडला 'ही फिल्म मंजूर' असा शिक्का देत बसत नाही. मागायचा असेल तर आयएस २५५३ या मानकाप्रमाणे झालेल्या चाचणीचा अहवाल मागा, आणि त्यातलं मॉडेलचं नाव रोलच्या खोक्यावरच्या नावाशी अक्षरशः जुळवा. एका मॉडेलचा अहवाल दाखवून दुसरं मॉडेल लावणं हा प्रकार सर्रास चालतो.

आता दिव्याचा खेळ, कारण जास्तीत जास्त पैसे यावर उकळले जातात. लाकडी स्टँडवर लाल इन्फ्रारेड बल्ब, पुढे काचेचे तुकडे. साध्या काचेमागे हात धरला की चटका बसतो, सिरॅमिकच्या मागे गार वाटतं. 'पाहा, ९७ टक्के उष्णता बंद!' यात खोटं काय? तो बल्ब मुख्यतः इन्फ्रारेडच फेकतो, सूर्य तसं करत नाही. उन्हातल्या ऊर्जेत इन्फ्रारेड साधारण ५३ टक्के, डोळ्यांना दिसणारा प्रकाश ४४ टक्के आणि अतिनील किरण ३ टक्के. ७० टक्के प्रकाश आत सोडणाऱ्या फिल्मने बाकी सगळं अडवलं असं मानलं, तरी ४४ पैकी जवळपास ३१ टक्के ऊर्जा प्रकाशाच्या वाटेनेच आत येणार. वर फिल्म जे शोषून घेते त्याने काच तापते आणि ती उष्णता काही प्रमाणात आत सोडते. दिव्याचा प्रयोग दहा सेकंदांत आटोपतात तो यासाठीच. बल्ब दहा मिनिटं चालू ठेवायला सांगा आणि मग तुकड्याला बोट लावून पाहा.

शिवाय तो ९७ चा आकडा बऱ्याचदा इन्फ्रारेडच्या एकाच तरंगलांबीवर, ९५० नॅनोमीटरच्या आसपास, मोजलेला असतो. पूर्ण पट्टा ७८० ते २५०० नॅनोमीटरचा आहे. म्हणून विचारायचा आकडा वेगळा : एकूण सौर ऊर्जा किती अडते? पत्रकावर तो टीएसईआर या नावाने छापलेला असतो. ७० टक्क्यांच्या चांगल्या सिरॅमिक फिल्मचा टीएसईआर साधारण ३५ ते ५० असतो. हाही फरक एप्रिलच्या दुपारी ओझरपर्यंत जाताना एसीवर जाणवतो, नाही असं नाही. पण ९७ नव्हे. अतिनील किरण ९९ टक्के अडतात हा दावा बहुधा खरा असतो, फक्त त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात हशील नाही. स्वस्त पारदर्शक फिल्मही तेवढं करते, आणि समोरच्या लॅमिनेटेड काचेतला मधला प्लास्टिकचा थर आधीपासूनच ते काम करत असतो.

जांभळ्या काचांचं कारण रोलमध्ये आहे. स्वस्त फिल्म रंगाची असते, तो रंग पुष्कळदा डिंकातच मिसळलेला असतो. ऊन खाऊन त्यातले काही रंग आधी उडतात आणि लालसर-जांभळा तेवढा मागे राहतो. सिरॅमिक फिल्मचा काम करणारा भाग रंग नसून बारीक ऑक्साइडचे कण असतात, त्यामुळे ती जांभळी पडत नाही. काच जांभळी झाली याचा अर्थ लावलेला माल सांगितलेला नव्हताच. ओळखायला कापताना पडलेलं कात्रण मागून घ्या, मागचा पारदर्शक कागद सोलून डिंकाच्या बाजूवर थिनरचा बोळा फिरवा. बोळ्यावर काळपट रंग उतरला तर दुकानातून उठा.

तिसरा एक प्रकार धातूच्या थराच्या फिल्मचा. ती उष्णता बरी अडवते, पण रेडिओ लहरीही अडवते. समोरच्या काचेवर अशी फिल्म मारून तिच्यावर फास्टॅग चिकटवलेली गाडी घोटीच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या टोलवर बॅरिअरसमोर थांबून राहते आणि मागचे हॉर्न वाजवतात. फास्टॅगची जागा काचेवर, फिल्मवर नाही.

रोलबदल हा सगळ्यांत जुना डाव. काउंटरवर नामांकित कंपनीचं खोकं असतं आणि आत शेडमध्ये मुलगा दुसऱ्याच रोलमधून कापतो. खोकं तुमच्यासमोर उघडून रोल बाहेर काढायला लावा. खोक्यावरचा आणि रोलवरचा नंबर मोबाईलमध्ये टिपा, आणि कापणी होईपर्यंत तिथेच उभे राहा. वॉरंटी म्हणजे हाताने भरलेलं गुळगुळीत कार्ड नव्हे. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमचा एमएच-१५ चा नंबर, रोलचा नंबर आणि मॉडेल चढलेलं दिसलं पाहिजे, आणि तेही तुमच्या फोनवर, दुकानदाराच्या नव्हे. जीएसटीसह पक्क्या बिलावर ब्रँड, मॉडेल, कोणत्या काचा, रोल नंबर आणि 'लावल्यानंतर मीटरवर इतके टक्के' एवढं लिहून घ्या. शेवटची ओळ लिहायला जो टाळाटाळ करतो त्याला आपला आकडा पक्का ठाऊक असतो.

बसवण्याच्या कामात वेळ हीच पहिली खूण. चार दारं आणि मागची काच नीट करायला अडीच-तीन तास लागतात. पाऊण तासात 'झालं साहेब' म्हणाला तर काच धुतलेलीच नाही. फिल्मचा आकार बाहेरच्या बाजूने कापायचा असतो, वक्र काचेवर हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) आकसवून घ्यायचा आणि मग आत शाम्पूचं पाणी मारून स्क्वीजीने (रबरी पट्टीने) बसवायचा. आत बसवून तिथेच ब्लेडने कडा कापणारा कारागीर काचेवर ओरखडे आणि मागे डिफॉगरची रेघ तोडून ठेवतो. मागची काच एका तुकड्यात झाली पाहिजे, पट्ट्या जोडल्या असतील तर हीट गन चालवता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. दारावर टॉवेल अंथरला नाही तर पाणी पॉवर विंडोच्या बटणांत उतरतं.

'फुगे आठ दिवसांत जातील' हे निम्मं खरं आहे. पाण्याचे फुगे आणि दुधाळपणा सुकल्यावर जातो, उन्हाळ्यात लवकर, त्र्यंबककडच्या पावसाळी हवेत दोन-तीन आठवडेही लागतात. तोवर तीन-चार दिवस काच खाली करायची नाही. पण नखाने दाबल्यावर टोचणारा कण धुळीचा असतो, आणि काठाला बोटासारखी पसरलेली घडी हवेची. या दोन्ही कधीच जात नाहीत. गाडी ताब्यात घेताना उन्हात उभी करून बघा, शेडच्या ट्यूबलाइटखाली नको.

उतरवायची वेळ आली तर कोरडी ओढू देऊ नका. वाफेने किंवा हीट गनने डिंक मऊ करून, कोपऱ्यातून सुरुवात करून, फिल्म स्वतःवर दुमडत हळूहळू सोलायची. मागच्या काचेवर रेघांच्या दिशेने, आडवंच ओढायचं आणि उरलेल्या डिंकावर लोखंडी ब्लेड अजिबात नको, साबणाचं पाणी आणि प्लास्टिकची पट्टी पुरते. रेघ तुटली की धुक्याच्या सकाळी कसारा घाटात मागच्या काचेचा तेवढा पट्टा धूसरच राहतो. दुरुस्तीला चांदीयुक्त पेस्ट मिळते, पण ती बारीक तुटीपुरती, सबंध सोललेल्या रेघेला नाही.

फसवले गेलात तर आधी दुकानाला लेखी कळवा, व्हॉट्सॲप चालेल, आणि मीटरचा फोटो, चलनाची प्रत, बिल एकत्र ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यावर मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, ऑनलाइनही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. इंदिरानगरच्या त्या पावतीवर 'कार ॲक्सेसरीज' एवढंच होतं, त्यामुळे सिरॅमिक सांगून रंगाची फिल्म मारली हे दाखवायला त्यांच्याकडे कागदच नव्हता.