कोटाचा खिसा उजवीकडं

अडतीस हजार चारशे लिंडन डॉलर. चार मिनिटांत गेले, तेही मी खुर्चीत बसून बघत असताना.

"खेळातले पैसे, त्यात काय एवढं" असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी हिशेब आधीच मांडतो. सेकंड लाइफमध्ये साधारण अडीचशे लिंडन डॉलरला एक खरा अमेरिकन डॉलर मिळतो. म्हणजे माझे दीडशे डॉलर गेले, रुपयांत बारा हजारांच्या वर. सांगलीत आमच्या दुकानात एवढ्या पैशासाठी आबा वीस-बावीस पँटी शिवतात.

सेकंड लाइफ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब कंपनीनं २००३ साली सुरू केलेलं आभासी जग. तिथे जिंकणं-हरणं काही नाही. आपला अवतार घेऊन हिंडायचं, गप्पा मारायच्या, नाचायचं, घर भाड्यानं घ्यायचं आणि सगळ्यात जास्त म्हणजे कपडे घ्यायचे. तिथल्या बहुतेक वस्तू तिथल्याच लोकांनी बनवलेल्या आणि एकमेकांना विकलेल्या असतात. (गंमत म्हणजे या जगाच्या मुख्य सर्व्हरजाळ्याचं नाव अग्नी आहे आणि चाचणीच्या जाळ्याचं अदिती. अग्नीत उडी मी आपणहून मारली, एवढं खरं.)

आता पुरुषांच्या कपड्यांची गोष्ट. २००६-०७ च्या सुमाराला तिथे बड्या नावांची रीघ लागली होती. अमेरिकन अपॅरल आलं आणि वर्षभरात गेलंही, अरमानीनं २००७ साली दुकान थाटलं. पण धंदा खऱ्या अर्थानं चालवला तो घरी बसून कपडे बनवणाऱ्यांनी, आणि त्यातही बायकांच्या कपड्यांचा. एखाद्या मोठ्या दुकानात जा, आपल्या लक्ष्मी रोडसारखंच चित्र दिसेल: चार मजले साड्या आणि पुरुषांना जिन्याखालचा एक कोपरा. 'द मेन्स डिपार्टमेंट'सारखे खास पुरुषांसाठीचे मासिक मेळे भरतात, पण तिथेही लेदर जॅकेट, हुडी आणि फाटक्या जीन्सचाच बाजार. धोतर, झब्बा, फेटा बघायला मिळेना. तिथे गिऱ्हाईक असणार, असं माझ्या डोक्यात आलं. ते चुकलं नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये आमचं दुकान बंद होतं तेव्हा मी शिकत गेलो. कापडाची टेक्स्चरं जमायला लागली. घरातलं खणाचं कापड खिडकीजवळ पसरून फोटो काढायचा, तो बिनजोड करायचा, दहा लिंडन डॉलर भरून सेकंड लाइफवर चढवायचा. माझा पहिला फेटा बांधला की माणसाच्या डोक्यावर कोबीचा गड्डा ठेवल्यासारखा दिसायचा. तिसरा बरा जमला. तिथे लग्नं लागतात, आणि त्यात 'इंडियन थीम'ची लग्नं पुष्कळ. एका ब्राझिलियन नवरदेवानं माझ्याकडून स्वतःला आणि सहा मित्रांना फेटे घेतले. तिथल्या माझ्या दुकानाचं महिन्याचं भाडं निघायचं, वर थोडं उरायचं.

माझी अडचण कोटाची होती. २०११ साली तिथे मेश आलं, तेव्हापासून कपडा म्हणजे त्रिमिती साचा झाला. शिवाय अंगही विकत घ्यायचं असतं. पुरुषांत जियानी, जेक, लेगसी अशी वेगवेगळी शरीरं चालतात आणि एकाचा शर्ट दुसऱ्याला होत नाही, खांदा कापडातून बाहेर येतो. म्हणजे एकच कोट तीन मापांनी बेतायचा. फेटा कसाही निभतो, पण बंदगळ्याचा मुंढा आणि बाही बसवणं माझ्या कुवतीबाहेर होतं. अशा वेळी लोक 'फुल पर्म', म्हणजे बदलायची आणि विकायची मोकळीक असलेलं टेम्प्लेट घेतात. साचा तयार मिळतो, सोबत परवान्याची नोटकार्ड, म्हणजे तिथली लिखित चिठ्ठी असते, आपण त्यावर आपलं कापड चढवायचं आणि विकायचं. यात गैर काही नाही, अर्धा बाजार असाच चालतो.

अशा वेळी तो भेटला. म्हणे भारतातलाच. तिथे सगळेच 'म्हणे' असतात, त्यामुळे मी खोलात गेलो नाही. माझ्या दुकानात आला, फेट्याचं कौतुक केलं, कोणता खण वापरला ते विचारलं. कौतुकात कारागिराचा प्रश्न मिसळला की माणूस विरघळतो. आठवडाभर रोज गप्पा झाल्या आणि मग त्यानं बंदगळा दाखवला. तिन्ही शरीरांसाठी तयार, सावल्यांचा नकाशा सोबत. किंमत साडेतीन हजार. "अपने आदमी से क्या कमाना, भाई."

मी तपासलं नाही असं नाही. डेमो घालून पाहिला, बाही वाकवली, खाली बसलो, नाचलो; कुठेही अंग बाहेर आलं नाही. उजवी टिचकी मारून निर्माता कोण ते पाहिलं, तर त्याचंच नाव. मला वाटलं, झालं. पण निर्मात्याच्या जागी नाव असणं म्हणजे त्यानं तो बनवला असं होत नाही. दुसऱ्याचा साचा बाहेरच्या प्रोग्रामनं ओढून काढला आणि आपल्या खात्यातून पुन्हा चढवला की निर्माता म्हणून चढवणाऱ्याचंच नाव लागतं. ही चोरी त्या जगात जुनी आहे. २००६ साली कॉपीबॉट नावाचा प्रोग्राम निघाला तेव्हा कित्येक दुकानदारांनी निषेध म्हणून दुकानं बंद ठेवली होती. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं वेळेवर आठवत नाही, हाच तर घोळ आहे.

विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही. ज्यानं साचा खरोखर बनवला त्याच्याकडे ब्लेंडर या त्रिमिती साचे बनवायच्या प्रोग्राममधली मूळ फाइल असते, जाळीचा फोटो तो दोन मिनिटांत काढून पाठवतो. ज्याच्याकडे ती नाही तो परवान्याची नोटकार्ड पुढे करतो. नोटकार्ड काय, मीही लिहू शकतो.

कोट चालला. काळा, मरून आणि मोरपंखी असे तीन रंग केले, तीनशे लिंडन डॉलरला एक. पंधरा दिवसांत साठाच्या वर गेले. एवढी विक्री मला फेट्यांनी कधी दिली नव्हती.

त्याच सुमाराला एका दुपारी आबा लॅपटॉपमागे येऊन उभे राहिले. गळ्यात टेप, हातात खडू. मोरपंखी कोट घातलेला माझा अवतार समोर उभा होता. आबांनी चष्मा खाली केला.

"ह्याचा खिसा उजवीकडं का?"

मी म्हणालो, "आबा, समोरून बघताय. तुमचं उजवं ते त्याचं डावं."

"चाळीस वर्षं गिऱ्हाईक समोरच उभं करतोय की मी. छातीचा खिसा डाव्या हाताला असतो. आणि ही पट्टी बघ. काजपट्टी डावी वर पाहिजे, ही उजवी वर आलीय. बायकांचं जाकीट आहे हे."

मी हसलो. म्हणालो, तिथे कोण बघतंय. आबा "बघणारा बघतो" म्हणाले आणि मशीनवर जाऊन बसले. मी अवतार फिरवूनही पाहिला नाही.

पुढची पायरी भागीदारीची. त्यानं सुचवलं की त्याचे आणखी साचे मी फुकट वापरावेत आणि विक्रीतले चाळीस टक्के त्याला द्यावेत. त्यासाठी त्यानं एक विक्रीयंत्र दिलं. गिऱ्हाईकानं पैसे टाकले की चाळीस टक्के आपोआप त्याच्याकडे, बाकीचे मला. यंत्र दुकानात मांडलं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकट उघडली. इंग्रजीत होती, मजकूर असा: ही वस्तू तुमच्या लिंडन डॉलर खात्याची पूर्ण मोकळीक मागत आहे, दिलीत तर ती पुन्हा न विचारता कधीही पैसे काढू शकेल, खातं रिकामंही करू शकेल.

इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना मी 'हो' दाबलं. कारण एकच: वाटणी करणाऱ्या प्रामाणिक यंत्रांनाही हीच परवानगी लागते. आधी पैसे मालकाच्या खात्यात येतात, मग यंत्र मालकाच्या खात्यातून दुसऱ्याचा वाटा पाठवतं, त्यामुळे परवानगीशिवाय त्याला हलताच येत नाही. चौकट प्रामाणिक यंत्राची आणि चोराच्या यंत्राची एकच. फरक असतो तो आतल्या स्क्रिप्टमध्ये, आणि ती कुलूपबंद, उघडून वाचता येत नाही. परवानगीला वरची मर्यादाही नाही. शंभरपुरती द्या, हजारपुरती द्या असं चालत नाही. दर रविवारी हिशेब करून त्याचा वाटा मी हातानं पाठवला असता तर काय बिघडलं असतं? जुने दुकानदार विक्रीयंत्रांसाठी वेगळा अवतार ठेवतात आणि जमलेली रक्कम रोज तिथून हलवतात, म्हणजे गेले तर त्या दिवसाचे जातात. मी सगळं एकाच खात्यात साठवत होतो. पैसे बाहेर काढायला ओळखपत्रांची पडताळणी करावी लागते, वर फी जाते, तेव्हा एकदमच काढू म्हणून.

तीन आठवडे यंत्र घड्याळासारखं चाललं. एका पैचा फरक नाही. म्हणजे तेवढे दिवस तो माझ्या खात्यात रक्कम वाढायची वाट बघत होता, असं मी आता धरून चालतो.

जानेवारीतल्या एका रात्री, आपल्याकडे पाऊण वाजला होता, एका अनोळखी बाईंचा संदेश आला. अत्यंत सभ्य भाषा. तुम्ही विकत असलेला कोट माझा आहे, तुम्हाला बहुधा कल्पना नसावी. सोबत दोन फोटो. एकात त्यांचा मूळ कोट, दुसऱ्यात माझा मोरपंखी, पण आरशात धरल्यासारखा उलटवलेला. कोपराजवळची घडी, काखेतला सुरकुत्यांचा पंखा, गळपट्टीची सावली, सगळं तंतोतंत जुळत होतं. चोरानं चोरी लपवायला साचाच उलटा करून चढवला होता. उलटा केल्यावर डावा खिसा उजवीकडे गेला आणि काजपट्टी बायकांच्या बाजूला आली. आबांनी अर्ध्या मिनिटात पाहिलं होतं ते हेच.

अंगाला घाम फुटला. आणि इथे मी सगळ्यात मोठी चूक केली. यंत्र उचलायच्या आधी मी त्याला लिहिलं. "हे काय आहे? कोट चोरीचा आहे ना?" तो ऑनलाइन होता. काही उत्तर आलं नाही. वरच्या कोपऱ्यातला शिल्लक रकमेचा आकडा तेवढा हलला.

आधी दहा हजार गेले. मला वाटलं स्क्रीन अडकली. परत दहा हजार. मग मी दुकानाकडे धावलो, म्हणजे तिथे टेलिपोर्ट झालो, आणि दुकान हळूहळू उमटत असताना तिसरे दहा गेले. आधी भिंती आल्या, मग फेटे, मग पाट्या. यंत्र सगळ्यात शेवटी. त्याच्यावर टिचकी मारून ते उचलेपर्यंत आठ हजार चारशेही गेले होते. वस्तू जमिनीवरून उचलली की तिची स्क्रिप्ट थांबते, पैसे काढता येत नाहीत. हे मला त्या रात्रीही ठाऊक होतं. एक संदेश उशिरा लिहिला असता तर एक लिंडन डॉलरही गेला नसता. त्यामुळे तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी यंत्र उचला, मग भांडा. भांडायला रात्र पडलेली असते.

व्यवहारांच्या यादीत चार नावं होती, चार वेगवेगळी, आणि चौघांचंही आडनाव 'रेसिडेंट'. २०१० नंतर फुकट खातं उघडणाऱ्या बहुतेकांचं तेच असतं, माझंही आहे, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. पण प्रोफाइलवर खात्याची जन्मतारीख असते. चारही खाती महिन्याच्या आतली होती. त्याचं स्वतःचं खातं तीन महिन्यांचं. आठवडाभर गप्पा मारताना ती तारीख माझ्या डोळ्यांसमोर होती.

तक्रार केली. पण परवानगी मी स्वतः दिलेली, चौकट वाचून दिलेली, आणि रहिवाशांच्या आपापसातल्या व्यवहारात कंपनी पडत नाही हे नियमांत आधीच लिहिलेलं. परत मागायला तोंडच नव्हतं. मित्र म्हणाला १९३० वर फोन कर, सायबर गुन्ह्याची हेल्पलाइन आहे. मला लाज वाटली. बंदगळा म्हणजे काय, तो कुणी घालायचा, तो कापडाचा का नाही, हे सगळं आधी सांगावं लागलं असतं. केला नाही फोन. करायला हवा होता.

पैशापेक्षा त्या बाईंना उत्तर लिहिणं जड गेलं. पहाटे लिहिलं. कोट दुकानातून आणि मार्केटप्लेसवरून, म्हणजे सेकंड लाइफच्या वेबसाइटवरच्या बाजारातून काढला, कुणाकडून घेतला ते सांगितलं, विक्रीचा आकडा दिला. मी चोर नव्हतो, पण साठ-पासष्ट लोकांना चोरीचा माल विकला होता, आणि पावतीवर नाव माझंच होतं. अशा तक्रारी एखाद्यावर वारंवार आल्या तर त्याचं खातंच जाऊ शकतं. बाईंनी लिहिलं, पुढच्या वेळी आधी मला विचारा. त्यांचा मूळ साचा त्यांच्या दुकानात अठ्ठावीसशेला मिळतो. मी चोराला सातशे जास्त मोजले होते.

ज्यांनी कोट घेतला त्यांना प्रत्येकी एक फेटा पाठवला आणि काय झालं ते खरं लिहून कळवलं. बहुतेकांनी काहीच म्हटलं नाही. ब्राझीलवाल्यानं पाच शब्दांचं सांत्वन पाठवलं आणि दोन फेटे विकत घेतले.

आबांना मी चार दिवसांनी सांगितलं. ते बाहीला अस्तर लावत होते. रक्कम ऐकून हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं म्हणाले, "आणि तो खिसा?" उलटवलेल्या साच्याचं सगळं सांगितलं. ते ऐकताना मात्र त्यांनी सुई खाली ठेवली. हे असं आपल्या धंद्यात कुणी करत नाही, त्यांना पटेना. कापड चोरतील, माप चोरतील, पण अख्खा कोट उलटा?

गेल्या आठवड्यात मार्केटप्लेसवर तोच कोट पुन्हा दिसला. विकणाऱ्याचं नाव नवीन, खातं अकरा दिवसांचं, वर्णनात 'ओरिजिनल मेश' असं ठळक लिहिलेलं. या वेळी रंग चॉकलेटी आहे आणि बटणं सोनेरी केलीत. खिसा अजून उजवीकडंच आहे.