सांगलीत राहून डॉक्युमेंट्री प्रोड्यूस करायची का मुंबई गाठायची?

डॉक्युमेंट्रीत प्रोड्यूसर व्हायचंय म्हणणारी पोरं-पोरी आता सांगली, मिरज, विटा, कराडकडनं बरीच भेटतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, इथंच काम सुरू करायचं का महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून मुंबईत एखाद्या प्रॉडक्शन हाऊसला चिकटायचं. दोन्हीकडं काम केलंय म्हणून लिहितेय. माझा कल इथं राहण्याकडं आहे, पण फक्त ज्यांच्या हातात विषय आहे त्यांच्यासाठी, बाकीच्यांनी बिनधास्त मुंबईला जावं.

आधी काम काय ते बघा. प्रोड्यूसर म्हणजे नुसता पैसे घालणारा माणूस नव्हे. बजेट, शेड्यूल, परवानग्या, रिलीज फॉर्म (म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोललेल्यांची लेखी संमती), जुन्या फुटेजचे हक्क, टीडीएस-जीएसटी, हार्डडिस्कचे बॅकअप, सबटायटल, सेन्सॉरचं सर्टिफिकेट, फेस्टिव्हलचे अर्ज, हे सगळं त्याच्या डोक्यावर. हे शिकायला मुंबई उजवी, यात वादच नाही. तिथं प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून लागलात की पहिल्याच महिन्यात कॉलशीट (कुणी किती वाजता कुठं यायचं त्याचा रोजचा कागद), व्हाउचर, गाड्यांचा हिशोब हातात येतो आणि दोन-तीन वर्षांत एखादा प्रोजेक्ट पहिल्या कागदापासून डिलिव्हरीपर्यंत बघायला मिळतो. इथं हेच एकट्यानं, सीएला नि वकिलाला विचारत विचारत शिकावं लागतं, वेळ दुप्पट जातो.

पण या कामाचा जो गाभा आहे तो मुंबईच्या ऑफिसात नसतो. समजा विट्यात एका घरी मुलाखत आहे, आजोबा तरुणपणी गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेले, सोनं-चांदी गाळायला, आणि ते आता कुठं मोकळे व्हायला लागलेत. आतल्या खोलीत टीव्हीवर सिनेमाचं गाणं, शेजारी यंत्रमाग खडखडतोय. कॅमेरामन फ्रेममध्ये, दिग्दर्शक गोष्टीत गुंगलेला, उठून टीव्ही बंद करा म्हणणारा माणूस प्रोड्यूसरच, कारण त्या गाण्याच्या हक्कासाठी पुढं पैसे मोजा नाहीतर तो आवाज कापा, आणि आवाज कापला की आजोबांचं वाक्यही गेलं. मग रिलीज फॉर्म मराठीतनं मोठ्यानं वाचून दाखवायचा, सून दारात उभी राहून विचारते, हे टीव्हीवर कधी लागणार हो, तिला खरंच सांगायचं की दोन वर्षंही लागतील, कदाचित लागणारही नाही, आणि मग सही घ्यायची. हे ज्याला मनापासून जमतं त्याच्यासाठी आपला भाग म्हणजे खाणच आहे. २०१९ आणि २०२१ चा सांगलीतला महापूर, त्याच जिल्ह्यात जतचा दुष्काळ आणि म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी, मिरजेचे सतारमेकर, कुंडल परिसरातल्या, स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारच्या आठवणी सांगणारी घरं. मुंबईतनं येणारी टीम हॉटेलचं बिल बघून चार दिवसांत परत जाते, तुम्ही मात्र पूर आल्यावर, ओसरल्यावर आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच घरात चहाला जाऊ शकता. बाहेरच्यांना जमतच नाही असं मात्र नाही, २०१६ ला कान फेस्टिव्हलला दाखवलेली 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' महाराष्ट्रातल्या फिरत्या तंबू टॉकीजवरचीच, पण ती करणारे वर्षानुवर्षं जत्रांमागं फिरले म्हणून झाली.

आता मालकी, आणि याकडं कुणी लक्षच देत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, फिल्मचा कर्ता म्हणजे निर्माता धरलाय, आणि हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं राहतो. मुंबईत नोकरीत असताना तुम्ही कितीही राबलात तरी नाव क्रेडिटला येतं, फिल्म कंपनीची. इथं तुमच्या नावावर केली तर फिल्म तुमची, अर्थात कर्जही तुमचंच. एवढंच की कारखान्याची किंवा संस्थेची फिल्म पैसे घेऊन करताना करारात हक्क कुणाचा ते लिहूनच घ्या, तोंडी नको.

पैशाचं म्हणाल तर मुंबईत पगार लागला तर महिन्याला, फ्रीलान्स असेल तर बिल टाकून दोन-तीन महिने वाट बघायची, वर अंधेरी-गोरेगावचं भाडं. ओटीटीसाठी तिथं जे बनतं त्यात क्राइम, क्रिकेट आणि सेलिब्रिटी जास्त, तुमच्या मनातला विषय तिथं चालेलच असं नाही. सांगलीत खर्च कमी, घर असतं, आणि कामंही आहेत, साखर कारखाने, सहकारी बँका, द्राक्ष-बेदाण्याचे एक्स्पोर्टर, लग्नं. हिवाळ्यात गाळप, उन्हाळ्यात लग्नसराई, म्हणजे पावसाळा स्वतःच्या फिल्मला मोकळा राहतो. पण ओढाताण होते, एप्रिल-मेमध्ये स्वतःची फिल्म उघडूनही बघायला होत नाही, आणि घरचे विचारतात नोकरी कधी लागणार.

फंडिंगसाठी आता गाव आडवं येत नाही. कोलकात्याचं डॉकएज आणि गोव्याचा फिल्म बाजार (दोन्हीकडं आपला प्रोजेक्ट फंड देणाऱ्यांपुढं मांडता येतो), परदेशी फंड, सगळ्यांचे अर्ज घरून भरता येतात, निवड झाली तरच जायचं. मुंबईचा डॉक्युमेंट्री-शॉर्टफिल्मचा महोत्सव मिफ दोन वर्षांतनं एकदा, केरळचा तसाच महोत्सव आयडीएसएफएफके तिरुवनंतपुरमला, दोन्ही जाऊन बघाच, तिथं चार लोक ओळखीचे होतात ते फोनवर होत नाहीत. डॉक्युमेंट्री बनवणारं सरकारी फिल्म्स डिव्हिजन २०२२ ला एनएफडीसीत, म्हणजे सरकारच्याच राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं, त्यामुळं जुन्या लोकांचा 'फिल्म्स डिव्हिजनला जा' हा सल्ला आता तसाच लागू नाही. परदेशी ग्रँट संस्थेच्या नावावर घेणार असाल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते, अर्ज करायच्या आधीच सीएला विचारा, पैसे मंजूर झाल्यावर धावपळ नको.

ज्यांच्यावर शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते आहेत किंवा ज्यांना अजून आपला विषयच सापडला नाही, त्यांनी मुंबईच धरावी, तिथली शिस्त आयुष्यभर उपयोगी पडते. सातारकरांना मात्र अजून एक वाट आहे, वाई-मेणवली-पाचगणीकडं सिनेमा-सिरीयलची शूटिंगं होत असतात, तिथं लाइन प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे शूटिंगच्या जागेवरची रोजची व्यवस्था बघायला, स्थानिक माणूस लागतोच. ग्रामपंचायतीची, पोलिसांची परवानगी, जनरेटर, जेवण, गाड्या, रोजचा हिशोब, हे सगळं घरी राहून शिकता येतं. ग्रँटचा अर्ज लिहिणं आणि वर्षभर रखडलेलं एडिटिंग मार्गी लावणं मात्र त्या सेटवर कुणी शिकवत नाही, त्यासाठी पुण्याला एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचे शॉर्ट कोर्स बघा.